मदत हवी आहे : अण्णांचा डिमेन्शिया नेमका कोणत्या प्रकारचा?

हळदपेठ, सांगली : डॉक्टरांनी वडिलांच्या कागदावर केवळ ‘डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) एवढेच लिहिले आहे आणि प्रकार विचारला असता ‘वयामुळे असे व्हायचेच’ असे उत्तर दिले. अण्णांना जुने व्यवहार आणि कालचे जेवणही आठवते. मात्र संध्याकाळी ओसरीवर दोन लहान मुले बसलेली दिसतात आणि त्यांना चहा द्या म्हणून ते मागे लागतात. हा अल्झायमर आहे का? कृपया लवकर सांगावे.

विश्रामबागकर : वय, रक्तदाब, मधुमेह यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. माझ्या आईची स्थिती पक्षाघाताच्या झटक्यानंतर एकेका टप्प्याने खालावत गेली. तो व्हॅस्क्युलर, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा प्रकार निघाला. आधी एमआरआय करून घ्या.

साताऱ्याची सून : एमआरआयची घाई कशाला? आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. इंजेक्शने सुरू होताच आमच्या सासऱ्यांचा विसराळूपणा पुष्कळ कमी झाला.

विश्रामबागकर : रक्त तपासावेच, पण प्रत्येकाचे दुखणे आपल्या सासऱ्यांसारखेच असेल असे धरून चालू नये.

कराडकर : शेतजमिनीचे कागद असतील तर अण्णांची समज शाबूत आहे तोवर वकिलांना भेटा.

हळदपेठ, सांगली : जमिनीचा प्रश्न नाही. वय ७४, रक्तदाब व साखर नाही. चाल मंदावली आहे, आणि रोजमेळ लिहिताना ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढे होते. झोपेत ओरडणे, लाथा झाडणे जुनेच आहे, म्हणून लिहिले नव्हते. रात्रीसाठी नुकतीच हॅलोपेरिडॉलची (भास कमी करणाऱ्या औषधाची) गोळी सुरू झाली. तेव्हापासून अंग इतके ताठले आहे की कूस बदलायलाही धरावे लागते.

निवृत्त परिचारिका, मिरज : ही गोळीची गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. अल्झायमरमध्ये बहुधा ताज्या गोष्टींची स्मृती आधी जाते. स्मृती बरीच टिकून असताना माणसे दिसणे, झोपेत हातपाय झाडणे आणि पार्किन्सनसारखी मंद चाल एकत्र असेल, तर लेवी बॉडी डिमेन्शियाचा (मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गाठी साचून होणाऱ्या प्रकाराचा) दाट संशय घ्यावा लागतो. अशा रुग्णांना हॅलोपेरिडॉल धोकादायक ठरू शकते. पुढची गोळी देण्यापूर्वी, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. ताप आला किंवा गुंगी वाढली तर थेट रुग्णालयात न्या. निदान मात्र न्यूरॉलॉजिस्टनीच करायचे आहे.

हळदपेठ, सांगली : फोन केला. गोळी थांबवून उद्या सकाळीच मिरजेला न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायला सांगितले आहे. सोबत काय न्यावे?

निवृत्त परिचारिका, मिरज : सर्व औषधांची पाकिटे, जुना आणि नवा रोजमेळ, आणि त्यांच्या झोपेविषयी आईंना जे ठाऊक आहे ते सांगायला स्वतः आई.