वाचलेलं आणि अंगावर आलेलं: तुमचे अनुभव सांगा

माझ्या कपाटात मनःशांती, सकारात्मक विचार, वर्तमानात जगणं अशा विषयांवरची चाळीसेक पुस्तकं आहेत. बहुतेकांत पेन्सिलीच्या खुणा. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. एका रात्री तीनला, तिसऱ्यांदा चादर बदलताना मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. 'बोलण्याआधी श्वास मोजा' याखाली मीच दोन रेघा ओढल्या होत्या. वाक्य आठवलं, पण सकाळी.

पुढे फरक पडला तो बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींमुळे. कुशीवर वळवायच्या आधी त्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवायच्या, 'काका, आता वळायचंय हं' म्हणायच्या आणि थांबायच्या. ते बघून बघून मला जमायला लागलं. पुस्तकांवर माझा राग नाही. पण वाचलेलं अंगात कधी उतरतं, कधी उतरतच नाही, हे तुमच्याकडून ऐकायचंय. पुस्तकं सुचवू नका, घडलेलं सांगा.

*

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. जाण्याआधी ध्यानावर भरपूर वाचलं होतं. तिथे पुस्तकं, वही, पेन, फोन, सगळं जमा करायचं. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. चौथ्या दिवसानंतर अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. 'वेदना अनित्य आहे' मला पाठ होतं. चाळिसाव्या मिनिटाला गुडघा पेटला तेव्हा त्या पाठांतराचा काडीचा उपयोग झाला नाही. सातव्या दिवशी केव्हातरी तीच कळ चढताना आणि ओसरताना दिसली. दोन-तीन मिनिटंच. घरी आल्यावर सहा महिन्यांत बैठक सुटली, हेही सांगायला हवं. पण 'अनित्य' शब्द दिसला की आता आधी गुडघा आठवतो.

*

मुलगा गेला तेव्हा भेटायला आलेल्या तिघांनी 'वासांसि जीर्णानि' ऐकवलं. श्लोक शाळेपासून येतो मला. त्या दिवशी ऐकवेना. शेजारच्या काकू सुतकात रोज पिठलं-भात आणायच्या, समोर बसायच्या, मी दोन घास खाईपर्यंत उठायच्या नाहीत. बोलायच्या काहीच नाहीत. नऊ वर्षं झाली. गीता अजून उघडलेली नाही.

*

नैराश्यात मी अशी पुस्तकं गोळ्यांसारखी घेतली. विचार बदला, आयुष्य बदलेल. बदलत नव्हतं, म्हणजे मीच कमी पडतोय असं वाटायचं, की लगेच नवं पुस्तक. दीड वर्ष गेलं त्यात. याचा मला आजही त्रास होतो, कारण त्या पुस्तकांत 'हा आजारही असू शकतो, डॉक्टरकडे जा' असं एका ओळीत लिहिता आलं असतं. शेवटी ताईने मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. औषधांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागले. कुणी तशा अवस्थेत हे वाचत असेल तर आधी १४४१६ ला फोन करा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास.

*

मी दोन वर्षं ज्ञानेश्वरीच्या अभ्यासवर्गाला जात होते. तेराव्या अध्यायातल्या 'अमानित्वा'वर, म्हणजे मानाची हाव नसण्यावर, माझी अकरा पानं टिपणं आहेत. मग पहिल्यांदा वारीला गेले. दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत तळपायाला मोठा फोड. दिंडीतल्या एका अनोळखी बाईंनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला, चिखल पुसला, खोबरेल लावलं, फडकं बांधलं आणि वर माझ्याच पाया पडल्या. वयाने माझ्या आईएवढ्या. मी पाय मागे घेतला तर म्हणाल्या, "हलवू नका माऊली, गाठ सैल पडेल."