एनसीसी सीनियर डिव्हिजन: एसयूओचं पद वर्षभर एकाकडेच का?

माजी_एसयूओ
आमच्या जुन्या कॉलेजात दर शनिवारी मी एनसीसीच्या सी प्रमाणपत्राच्या (शेवटच्या परीक्षेच्या) मुलामुलींना शिकवायला जातो. एकेकाळी तिथेच एसयूओ (सीनियर अंडर ऑफिसर, कॅडेटांमधलं सगळ्यात वरचं पद) होतो.

गेल्या वर्षी आमची एक मुलगी स्पेशल एंट्रीतून एसएसबीला, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडण्याच्या चाचण्यांना, गेली. सी प्रमाणपत्रात किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की सीडीएसची (अधिकारी भरतीची) लेखी परीक्षा टळते, त्या वाटेने. परत आली ती थेट ग्राउंडवरच. म्हणाली, "दादा, कमांड टास्कला, म्हणजे माणसं हाताशी घेऊन अडथळा पार करायच्या चाचणीला, जीटीओ (चाचणी घेणारे अधिकारी) म्हणाले, तू कमांडर, मदतीला दोघं निवड. मी दोरी हातात घेऊन नुसती उभी राहिले. तीन वर्षांत मी कधी कुणाला निवडलंच नव्हतं."

ती उंचीने कमी. फॉलइन झालं की 'लंबा दाहिने, छोटा बाएँ', आणि ही कायम मधल्या रांगेत. तीन वर्षं तिने हुकूम चोख पाळले, दिला मात्र एकही नाही. एसयूओ एक, त्याखालचे जेयूओ (ज्युनियर अंडर ऑफिसर) मोजके, आणि तेही बऱ्याचदा आवाज आणि उंची बघून ठरतात. मीही तसाच ठरलो होतो.

म्हणून सुचवतो: तिसऱ्या वर्षाला कंपनीची जबाबदारी दर महिन्याला नव्या कॅडेटकडे द्यावी. परेडमधला एक तास ड्रिलमधून काढून फळी, दोरी आणि ड्रम घेऊन कमांड टास्क घ्यावेत. काय जमलं, काय फसलं ते त्याच दिवशी तोंडावर सांगावं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आरओटीसीच्या (विद्यार्थ्यांमधून सैन्याधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाच्या) कॅडेटना तिसऱ्या वर्षी अशीच पदं आळीपाळीने देतात आणि त्यावर त्यांना जोखतात.

सुभेदार_निवृत्त
मी बटालियनमध्ये पीआय स्टाफ (कॅडेटना शिकवणारा सैनिक) होतो, म्हणून लिहितो. ड्रिलमधून एक तास काढणं चूक आहे. पहिल्या वर्षाचं पोरगं 'सावधान' म्हणतं तेव्हा आवाज घशातच राहतो. तोच पोरगा वर्षभराने ऐंशी जणांना थांबवतो. हे ड्रिलनेच होतं. आणि आरओटीसीचा दाखला इथे लागू होत नाही. तिथून मुलगा थेट अधिकारी होऊन बाहेर पडतो, शिकवायला सेवेतले अधिकारी असतात. आपल्याकडे सैन्यात जायची सक्ती नाही. कंपनी सांभाळतात प्राध्यापक, म्हणजे एएनओ, कामठीहून किंवा ग्वाल्हेरहून प्रशिक्षण घेऊन आलेले.

दर महिन्याला एसयूओ बदलला तर कोतातून (शस्त्रं ठेवायच्या खोलीतून) निघालेली रायफल परत जमा झाली की नाही, याला जबाबदार कोण? मागच्या महिन्याचा की या महिन्याचा?

एएनओ_ताई
सुभेदार साहेबांचं रायफलीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण माझी अडचण वेगळी आहे. २०२१ मध्ये यूजीसीने एनसीसी ऐच्छिक विषय म्हणून घ्यायला सांगितलं, सहा सत्रांत २४ क्रेडिट. मला आनंद झाला होता. आता कागद वाढलेत आणि शिकवणारी मी एकटी. शंभर मुलं मैदानात असली की सगळ्यांना एकदम कामाला लावणारी गोष्ट एकच, ड्रिल. कमांड टास्क एका वेळी तिघांचा. बाकीचे सत्त्याण्णव काय करतील?

चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. गर्दी वाढली की नेतृत्व शिकवणं राहून जातं आणि रांगा सरळ करणं उरतं, असं मला कायम वाटतं. आधी संख्या कमी करा, मग पदं फिरवा.

परभणीचा_कॅडेट
मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्यातले बहुतेक जण पोलीस भरती नाहीतर अग्निवीरसाठी आलेत, प्रमाणपत्राचे जादा गुण मिळतात म्हणून. ऑफिसर व्हायचं बोलणारे दोघंच. त्या दोघांसाठी सगळ्यांचं ट्रेनिंग बदलायचं?

माजी_एसयूओ
परभणीच्या भावा, पोलीस झालास की जत्रेच्या बंदोबस्तात तुझ्या हाताखाली चार होमगार्ड असतील. त्यांना कुठे उभं करायचं हे तुलाच ठरवायचंय. हे काही फक्त ऑफिसरचं काम नाही.

ताई, सत्त्याण्णवांचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मात्र दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये वेळ असतो. गेल्या कॅम्पला रात्री पावसात तंबूची एक बाजू बसली. आमचा एसयूओ ऑफिसर्स मेसकडे गेला होता. दुसऱ्या वर्षाच्या, कुठलीही रँक नसलेल्या एका मुलाने टॉर्च तोंडात धरला, दोघांना खुंट्यांवर बसवलं, बाकीच्यांच्या ट्रंका कोरड्या बाजूला हलवल्या. सकाळी रिपोर्ट दिला एसयूओने. त्या पोराचं नाव त्यात नव्हतं. मला हे लागलं. रायफली आणि स्टोअर वर्षभर एसयूओकडेच राहू द्या, मी तेवढं मागे घेतो. पण कॅम्पमध्ये रोजचा प्लाटून कमांडर नवा असावा आणि रात्री दहा मिनिटं त्याच्याशी बोलणं व्हावं.

एएनओ_ताई
कॅम्पपुरतं मला पटतं. मात्र ते बोलणं लिहून ठेवायचं नाही. नोंद करायला गेलं की पोरं आम्हाला बरं वाटेल तेवढंच बोलतात.

सुभेदार_निवृत्त
रँक फिरवायला माझा विरोध होता, तो आहेच. ड्रिलचा तासही कमी करू नये. परेड संपल्यावर अर्धा तास थांबणारे असतील तर फळी, दोरी, ड्रम मी माझ्या गाडीतून आणून देतो. त्या मुलीलाही बोलवा. वय बसत असेल तर तिने पुन्हा जावं.