नाव मोठे की मनासारखे कॉलेज?

प्रश्न: मुलीला अमेरिकेतील विल्यम्स आणि कोलोरॅडो कॉलेज या दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला आहे, क्रमवारीत विल्यम्स बरेच वर असले, तरी तिचा ओढा कोलोरॅडो कॉलेजकडे आहे. काय करावे?

उत्तर १: कोलोरॅडोत एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकवतात, त्यामुळे भूशास्त्राचा वर्ग दिवसभर डोंगरात नेता येतो, मात्र आजारपणात तीन दिवस बुडाले, तर ते भरून काढणे जड जाते.

उत्तर २: विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये प्राध्यापकांसमोर सहसा दोनच विद्यार्थी असतात, एकाने निबंध मांडायचा, दुसऱ्याने त्यातील उणिवा दाखवायच्या आणि पुढच्या आठवड्यात उलट. अबोल मुलीला हे मानवेलच असे नाही. क्रमवारीतील आकडा मला तरी गौण वाटतो.

प्रश्नकर्ता: ती एकाच विषयात बुडून जाणारी आहे खरी. आर्थिक मदतीची दोन्ही पत्रे शेजारी ठेवून आज पुन्हा तिच्याशी बोलतो.