उत्पन्नातलं अंतर
एकाने विचारलंय, 'महाराष्ट्रातून गोळा होणारा आपला कर बिहारला का?' केंद्राच्या वाटपयोग्य करातले, म्हणजे राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करातले, ४१ टक्के राज्यांना मिळतात. ही वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) त्यातले महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले, बिहारला १०.०५८. त्याच्या सूत्रात ४५ टक्के भार उत्पन्नातल्या अंतराला होता, म्हणजे राज्याचं दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यापेक्षा किती कमी याला; राज्य जितकं गरीब, तितकं झुकतं माप. मला हे पटतं. घणसोलीत आमच्या शेजारच्या इमारतीला गिलावा करणारी पोरं बिहारची. सकाळी सातलाच थापी-घमेलं घेऊन परांचीवर चढतात. त्यांच्या लहानपणीची शाळा, लसी हा खर्च तिकडचा, राबणं मात्र इथे! माझा खरा राग सेस आणि अधिभारावर, म्हणजे केंद्र मूळ करावर जादा लावतं त्या आकारांवर आहे. ते या वाटपात धरतच नाहीत, त्यात महाराष्ट्रही मार खातो आणि बिहारही.