आधी रेडिएटर, कॅरिअर नंतर

दादा, जुनी जिप्सी घेऊन जालन्याहून लेहला जायचं आणि पहिला खर्च छतावरच्या कॅरिअरवर नि रुंद टायरांवर करायचा, असं तुम्ही म्हणता. माझं ऐका, आधी रेडिएटर खोला. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणीच ओततात. माझ्या गाडीचं झाकण काढलं तर आतल्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरट क्षार असा धरला होता की नखाने खरवडेना. त्यात मिस्त्रीने 'गाडी तापते' म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला! इथल्या मे महिन्यात ते खपतं. लेहजवळच्या ५,३५९ मीटरवरच्या खारदुंगला खिंडीच्या थंडीत इंजिन नीट गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. थर्मोस्टॅट नवा बसवा, कूलंट नि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. होसपाइप बोटांनी दाबून बघा, भेग दिसली की बदला.

फोर-बाय-फोरचा लिव्हर वर्षभर हललाच नसेल तर पुढच्या चाकांचे हब लॉक करून (म्हणजे ती चाकं इंजिनाला जोडून) ओल्या रानात चालवून बघा. कोरड्या डांबरावर नको, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. आणि निघण्याआधी सगळ्या सामानासकट, भर दुपारी कन्नडचा औट्रम घाट चढून या. टेंपरेचरचा काटा कुठे थांबतो ते इथे नक्की कळवा.