पिल्लूचा पहिला बर्थडे: केकचं ठरवूया

पिल्लूची आई: रविवारचा केक घरीच करायचा, फायनल. वर फोटो टाकलाय बघा, पाच रंगांचे गुलाब आणि त्यावर गोल्डन शिमर. मावशी करशील ना गं?

मावशी: करणारच, विचारायचं काय त्यात! पण ताई ती गोल्डन पावडर नको. डब्यावर नॉन टॉक्सिक लिहिलेलं असतं पण त्याचा अर्थ खायची असा होत नाही, एडिबल असं स्पष्ट लिहिलेलं आणि खाली घटक छापलेले पाहिजेत. अमेरिकेत रोड आयलंडला २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले होते, वरची रोझ गोल्ड पावडर म्हणजे चक्क तांब्याचा भुगा निघाला, सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, रिपोर्टमध्ये आहे. ते चांदीचे कडक गोळेपण नको, घशात अडकतात.

मामा: बापरे. मग जेम्स लावूया की वरून

मावशी: दादा वर्षाच्या बाळाला जेम्स नाही रे 🙏 तेपण अडकतात. आणि दोन वर्षांपर्यंत वरची साखर देऊच नका असं डॉक्टर सांगतात, म्हणून मी म्हणते दोन केक करूया, मोठा आपल्या सगळ्यांना आणि पिल्लूचा वेगळा छोटासा, केळं-खजूर घालून. त्याच्यावर क्रीम नाही, चक्का! रात्री दही टांगून ठेवायचं, सकाळी घट्ट गोळा मिळतो, त्याचे तीन भाग करायचे. एकात उकडलेल्या बीटची एकदम गुळगुळीत पेस्ट चमचाभर, दह्याच्या आंबटपणाने तो गुलाबी रंग मस्त खुलून राहतो. दुसऱ्यात चिमूटभर हळद. तिसऱ्यात पालकाची पेस्ट, पण ती अगदी शेवटी, कारण आंबटात हिरवा रंग थोड्या वेळाने मळकट शेवाळी होतो.

मामी: बीट सरळ केकच्या पिठातच घातलं तर? आतून गुलाबी

मावशी: नाही वहिनी, ओव्हनच्या उष्णतेने रंग उडतो, तपकिरी होतो. आणि हळद खायच्या सोड्याच्या पिठात घातली तर लालसर होते. रंग वरच ठेवूया.

आजी: बाळाला मध घालू नका गं कशात

मावशी: नाही आई, वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाहीच, आणि वर्ष झालं की चालतो म्हणून लगेच घालायलाही नको. खजुराने पुरेसा गोड होतो.

पिल्लूची आई: आणि मोठ्याला? मला लाल गुलाब हवेत

मावशी: लाल रंग यायला इतका कलर ओतावा लागतो की क्रीम कडू लागतं, गडद गुलाबी घेऊ, फोटोत तोच छान दिसतो. जेल कलर आण, पाण्यासारखा लिक्विड नको, त्याने क्रीम पातळ होतं. टूथपिकच्या टोकाने एवढासाच घालायचा आणि दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवायचा, रंग आपोआप गडद होतो. सगळे लगेच अजून घाला अजून घाला करतात आणि तिथेच भडक होतं. आपल्याकडे सिंथेटिक रंगाची मर्यादासुद्धा बहुतेक पदार्थांत किलोला १०० मिलिग्रॅमच आहे, म्हणून पाचही रंग फिकेच ठेवते. स्पंज शनिवारी रात्रीच करून पूर्ण गार होऊ दे, कोमट स्पंजवर लावलं की क्रीम घसरलंच समजा, त्यात ही दमट हवा. आधी क्रीमचा पातळ हात फिरवून अर्धा तास फ्रिज, म्हणजे चुरा बसतो, मग गुलाब.

मामी: माझ्याकडे नोझल नाहीये, एकच पाईपिंग बॅग आहे

मावशी: दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुवून पुसून कोपरा कापला तरी चालतं, पण गुलाबाला मोठं स्टार नोझल, म्हणजे पिशवीच्या टोकाला लावायचं चांदणीच्या आकाराचं तोंड, हवंच. दादा क्रॉफर्ड मार्केटला जाणारेस ना, घेऊन ये. द्राक्षंपण आण, बाळासाठी मी उभी चार तुकड्यांत कापेन, अख्खं कोणी हातात देऊ नका प्लीज.

आजी: मेणबत्ती फुंकायची नाही हं. आधी औक्षण, निरांजन मी लावते. शिरापण करणारे.

पिल्लूची आई: हो आई, आधी औक्षणच. केक पाचनंतर, त्याची झोप झाल्यावर

मामा: नोझल कुठल्या नंबरचं? फोटो पाठव, तिथे गेल्यावर मला काही कळणार नाही

मावशी: पाठवते. आणि दही फुल फॅटचंच घ्या, एक किलो लागेल, शनिवारी संध्याकाळपर्यंत घरी पाहिजे.