एका वेलांटीने अर्थ खरोखर बदलतो का?

महालातील मुद्रितशोधक :
गेल्या 8 मार्चला नागपुरात सीताबर्डीवरून जाताना एका सभागृहाच्या दारावर 'जागतिक महिला दीन' असा फलक दिसला. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे केविलवाणा. ज्या दिवशी स्त्रियांचा गौरव करायचा, त्याच दिवशी एका वेलांटीने त्यांना दीनवाणे करून ठेवले होते. फलक रंगवणाऱ्याला तसे सांगितले, तर तो म्हणाला, 'समजून तर राहिले ना लोकं, काका.' माझे म्हणणे असे की, शब्द जितका लहान तितका ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह अधिक धरला पाहिजे, कारण दोन अक्षरांच्या शब्दाला ओळखीसाठी दुसरा आधार नसतो. 'सुत' मुलगा, 'सूत' धागा. 'शिर' डोके, 'शीर' रक्तवाहिनी. शीर तुटली तर टाके घालता येतात, शिर तुटल्यावर काय घालणार?

धंतोलीकर :
मी त्या रंगाऱ्याच्या बाजूने आहे. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटच्या अक्षरातील 'अ' आपण उच्चारत नाही आणि त्याच्या आधीचा इकार-उकार लांबवतो, म्हणून तोंडी 'दिन' आणि 'दीन' एकच ऐकू येतात. फरक केवळ संस्कृतातून आलेल्या लेखनाचा आहे. आपल्या गावाचेच नाव पाहा. नगर या अर्थाचा संस्कृत 'पुर' ऱ्हस्व आहे, पण साहित्य महामंडळाच्या 1962 आणि 1972 सालच्या मिळून 18 नियमांनुसार गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा, म्हणजे नदीला येणाऱ्या पुरासारखाच. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हाही 'नागपूर' आणि 'नागेचा पूर' यांत कोणाचा गोंधळ झाला नाही. नियम करणाऱ्यांनीच जे काम संदर्भावर सोपवले, त्यासाठी रंगाऱ्याला का धारेवर धरावे?

कामठीकर :
संदर्भ संपूर्ण वाक्यात असतो, संक्षेपात नसतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नपत्रिकेत 'कार्यालय चौकापासून 15 मी.' असे छापले होते. वाचणाऱ्याने ते पंधरा मीटर समजावे, यात त्याची काय चूक? प्रत्यक्षात ती पंधरा मिनिटांची पायपीट होती, आणि मे महिन्याच्या उन्हात गुडघे धरून चालणाऱ्या माझ्या आजीने ती पत्रिका छापणाऱ्याचा जो उद्धार केला, तो येथे लिहिण्याजोगा नाही. 'मि.' म्हणजे मिनिट आणि 'मी.' म्हणजे मीटर. येथे वेलांटीखेरीज दुसरे काहीच सांगत नाही.

महालातील मुद्रितशोधक :
अगदी हेच. मूळ शब्दातील वेलांटी संक्षेपात जशीच्या तशी ठेवायची, एवढे पाळले तरी पुरे. याच निष्काळजीपणातून आपल्याकडे हिंदीच्या सवयीने 'म्हणाला कि' असेही सर्रास लिहिले जाते, मराठीत मात्र तो 'की' दीर्घच आहे.

धंतोलीकर :
आजींची पायपीट मान्य. पण तेथे उपाय वेलांटीचा नव्हता, 'मिनिटे' असा पूर्ण शब्द छापण्याचा होता. दोन अक्षरांची शाई वाचवून काय मिळवले? शिवाय कित्येक संक्षेपांत वेलांटी मुळात नसतेच. 'ता. कामठी, जि. नागपूर' या पत्त्याखाली अर्जदार 'ता. 12' लिहितो, त्यातला एक 'ता.' तालुका, दुसरा तारीख. 'इ.' म्हणजे इयत्ता की इत्यादी? एका आमंत्रणावरील 'प. पू.' आमच्या पुतण्याने 'पश्चिम पूर्व' असे वाचले आणि त्या महाराजांचा मठ नेमका कोणत्या दिशेला, म्हणून विचारले. तुमचा आग्रह येथे काय करणार?

महालातील मुद्रितशोधक :
'प. पू.'पुढे मी हात टेकले. 'ता.'ची सोय मात्र कार्यालयांनी केव्हाच केली आहे. तारखेसाठी तेथे 'दि. 12' असे लिहितात.

कामठीकर :
आणि तो 'दि.' दिनांकातला, म्हणून ऱ्हस्व. त्या रंगाऱ्याला तेवढे कळवा.